‘लिस्टिंग वर आणून देतो’ असा फोन आला तर

मी आणि माझी जाऊ नौपाड्यात घरूनच गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी विकतो. बरीचशी विक्री एका मोठ्या खरेदीच्या ॲपवरून होते. गणपती झाले आणि पहिल्या पानावर दिसणारा आमचा मसाला अचानक शोधूनही सापडेना. विचारायचं कुणाला? तक्रार टाकली की ठरावीक उत्तर येतं आणि तिकीट बंद होतं.

तेवढ्यात फोन आला. मराठीत, अगदी अदबीनं. ‘मॅडम, सेलर सपोर्टमधून बोलतोय, तुमची लिस्टिंग खाली गेलीय ना?’ (लिस्टिंग म्हणजे ॲपवरची आपल्या मालाची नोंद.) फर्मचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर, सगळं बरोबर. (२०२० च्या ई-कॉमर्स नियमांमुळे विक्रेत्याचं नाव-पत्ता ॲपवर दाखवावाच लागतो आणि जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर कुणालाही पडताळता येतो. तेवढ्यावरून कुणी खरा ठरत नाही.) दिवाळीसाठी ‘प्रायॉरिटी लिस्टिंग’, त्याचं १४,५०० रुपये डिपॉझिट, नंतर परत. व्हॉट्सॲपवर लोगोवालं पत्र आलं, क्यूआर कोड आला. जावेनं पैसे भरले. संध्याकाळी १८ टक्के जीएसटीचे म्हणून आणखी २,६१० गेले. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी कसला, हे आमच्या सीएनं ऐकताक्षणी विचारलं. तिसऱ्यांदा तो स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगू लागला, तेव्हा भाच्यानं फोन हिसकावून घेतला.

जावेला शहाणपण शिकवायला सगळे आले. मला ते पटत नाही. ही थाप खपली, कारण तिच्यातला अर्धा भाग खराच आहे: कोण वर आणि कोण खाली हे एकच कंपनी ठरवते, कसं ते सांगत नाही, आणि वर यायला जाहिरातीचे पैसे खरोखरच घेते. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एकानं बेडगीला भाव चढा लावला, तर आम्ही शेजारच्या गाळ्यावर जातो. इथे शेजारी गाळाच नाही.

म्हणून सरकारनं मोठ्या टेक कंपन्यांवर स्पर्धा कायदा वापरावा, असं मी म्हणते. आपल्या २००२ च्या कायद्यात मोठं असणं हा गुन्हा नाही. त्या जोरावर इतरांना दाबणं हा आहे. दीर म्हणतात, ॲप नसतं तर आपली भाजणी नागपूरला गेली असती का? नसती गेली. ॲप मोडा असं कुणी म्हणतही नाही. क्रम कसा लागतो ते सांगा आणि स्वतःच्या मालाला झुकतं माप देऊ नका, एवढंच मागणं आहे.

अडचण वेळेची आहे. शोधाचे निकाल स्वतःच्या सोयीनं दाखवल्याची गूगलविरुद्धची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे २०१२ मध्ये गेली, १३५.८६ कोटींचा दंड झाला २०१८ मध्ये. युरोपात गूगलच्या खरेदी सेवेची चौकशी २०१० मध्ये सुरू झाली, २०१७ मध्ये २४२ कोटी युरोंचा दंड झाला आणि न्यायालयाचा शेवटचा शब्द २०२४ मध्ये आला. तोवर खाली ढकललेल्याचा धंदा कधीच बसलेला असतो. म्हणूनच मोठ्या कंपन्यांना आधीच नियम घालून देणारा डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये केंद्रानं जाहीर केला, तो मला योग्य वाटतो.

आमच्या प्रकरणात मात्र आयोगाचा उपयोग नाही, ते सायबर पोलिसांचं काम. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केल्यामुळे दुसरी रक्कम समोरच्या खात्यात गोठली. पहिली तोवर पुढे सरकली होती. व्यवहाराचा यूटीआर नंबर (पैसे पाठवल्यावर मिळणारा क्रमांक) हाताशी ठेवा, तो आधी विचारतात. आणि एक लक्षात असू द्या: ॲपवाले आपलं कमिशन, दंड, डिलिव्हरीचा खर्च आपल्या विक्रीतूनच कापून घेतात. जाहिरातही सेलर खात्यात लॉगिन करूनच लावायची असते. त्यासाठी क्यूआर कोड पाठवून पैसे मागणारा कंपनीचा नसतो.