हॉट टूनाची पहिली रेकॉर्ड: आठ महिने ऐकल्यानंतर

काच फुटली असं वाटून मी स्वयंपाकघरात धावलो. ओट्यावरचे पेले जागच्या जागी होते. सुई थोडी मागे ठेवली, तर हॉट टूना या अमेरिकन ब्लूज बँडच्या 'अंकल सॅम ब्लूज' गाण्यात त्याच ठिकाणी पुन्हा खळ्ळ! साडेतीन हजार मोजून घेतलेली रेकॉर्ड सदोष निघाली, या रागात मी विक्रेत्याशी महिनाभर भांडलो. व्हिडिओ पाठवा, परतीचं कुरिअर तुमच्या खर्चाने, असं सगळं झालं. बदली प्रत आली. तिच्यातही तिथेच काच फुटते.

मग शोधाशोध केली. १९६९च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या 'न्यू ऑर्लिन्स हाऊस' क्लबमध्ये लोकांसमोर वाजवताना हे ध्वनिमुद्रण झालं. समोरच्या गर्दीतले बिअरचे ग्लास फुटले, ते तसेच रेकॉर्डवर आले. हॉट टूनाचे चाहते १९७०च्या या रेकॉर्डला काच फुटण्याची रेकॉर्ड म्हणूनच ओळखतात. विक्रेत्याची मी माफी मागितली. कुरिअरचे पैसे मात्र गेले ते गेलेच, आणि ते अजून खुपतात.

पहिले दोन महिने माझं मत होतं की बेस गिटार फार पुढे आलीय. बँडमधला योर्मा कौकोनेन अकूस्टिक गिटार बोटांनी वाजवतो, जुन्या पिढीतल्या ब्लूज गिटारवादक रेव्हरंड गॅरी डेव्हिसच्या वळणाने. त्याचा अंगठा खालच्या तारांवर सतत ठेका धरून असतो, म्हणजे बेसचं काम गिटारवरच होऊन जातं. मग बेस वाजवणारा जॅक कॅसाडी करतो काय? रोज रात्री हेडफोन लावून 'हेझिटेशन ब्लूज' ऐकत गेलो तेव्हा उलगडलं. जॅक त्या अंगठ्याच्या वाटेला जातच नाही. योर्माची ओळ संपत आली की तो वर सरकतो, दोन-चार सूर गातो आणि गाणं सुरू व्हायच्या आत खाली येतो. बेस पुढे आहे तो याचसाठी. माझं आधीचं मत चूक होतं.

हे एका रात्रीत जमणारं नाही. दोघं वॉशिंग्टनचे, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासूनचे मित्र. शाळकरी वयातल्या त्यांच्या बँडमध्ये लीड गिटार, म्हणजे मुख्य सुरावट, जॅककडे होती आणि योर्मा रिदम धरायचा. १९६५ साली योर्मानेच त्याला बेस वाजवायला सॅन फ्रान्सिस्कोला, जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडमध्ये बोलावून घेतलं. बेस हातात आला तरी जॅकच्या बोटांतली लीड गेली नाही, आणि योर्माने ती कधी दाबली नाही. एअरप्लेनच्या गदारोळात हे मला इतकं स्वच्छ कधीच ऐकू आलं नव्हतं.

विल स्कार्लेटचा माउथ ऑर्गन काही गाण्यांत मला नकोसा होतो. शेवटचं 'मॅन्स फेट' मात्र नुसतं वादन आहे, त्या एकासाठीही पैसे वसूल.

बदली प्रतीची कड किंचित वाकलेली आहे, दोन्ही बाजूंच्या पहिल्या गाण्यात सुई हलते. मागवणार असाल तर खोका आल्या दिवशीच उघडून कड नीट बघा. तिसऱ्या गाण्यातल्या काचेसाठी मात्र कुणाला फोन करू नका.