गेटिसबर्गचं नाणं आणि पणजोबांची चिठ्ठी

अमेरिकेतल्या आपल्या नाणेवेड्या मंडळींनी हे जरूर वाचावं. १९३८ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईला पंचाहत्तर वर्षं झाली, तेव्हा यादवी युद्धात एकमेकांवर गोळ्या झाडलेले उत्तर-दक्षिणेचे अठराशेच्या वर म्हातारे सैनिक त्याच रणभूमीवर एकत्र जमले. सरासरी वय नव्वदीच्या पुढे! त्या मेळाव्यासाठी काढलेलं चांदीचं अर्ध्या डॉलरचं नाणं मला हवं होतं. एका बाजूला दोन्ही फौजांचा एकेक सैनिक, दुसऱ्या बाजूला दोन ढाली.

ऑनलाइन एक विक्रेता भेटला. गोड बोलणारा. नाणं अस्सलपणा तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या सीलबंद डबीत, सोबत त्याच्या पणजोबांची पिवळी पडलेली चिठ्ठी: ‘१९३६ च्या मेळाव्यात एका वृद्ध सैनिकाने हे मला दिले.’ डबीवरचा नंबर मी संस्थेच्या साइटवर तपासला, तर तो खरा निघाला. साडेतीनशे डॉलर ठरले. कमिशन वाचेल म्हणून पैसे नातेवाइकांना पाठवतात त्या पर्यायाने पाठवा, असं त्यानेच सुचवलं. त्या पर्यायात खरेदीचं संरक्षण नसतं, हे अर्थातच तो बोलला नाही.

नाणं घरी आल्यावर त्या साइटवरचा नाण्याचा फोटो मोठा करून पाहिला. फोटोतल्या नाण्यावर चेहऱ्याशी काळसर डाग होता, माझं मात्र लख्ख. म्हणजे नंबर खऱ्या नाण्याचा, तो छापलेली डबी नकली आणि आतला ऐवजही नकली. ओळखीच्या नाणेव्यापाऱ्याने डबीच्या कडेचा गोंद दाखवला आणि ती फोडून नाणं काट्यावर ठेवलं. खरं साडेबारा ग्रॅम भरतं. हे साडेदहाच्या आसपास. चुंबकाला चिकटलं नाही, पण त्यावर विसंबू नका, पितळही चिकटत नाही.

चिठ्ठीचं तर विचारूच नका. १९३६ मध्ये असा मेळावा झालाच नव्हता! नाण्यावर १८६३, १९३८ आणि १९३६ अशी तीन सालं आहेत. १९३६ आहे ते नाण्याला मंजुरी देणारा कायदा त्या साली झाला म्हणून. नाणी प्रत्यक्षात पाडली १९३७ मध्ये, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत, आणि ती विकली गेली मूळ १.६५ डॉलरला. चिठ्ठी लिहिणाऱ्या महाभागाने नाण्यावरचं साल बघून पणजोबांना दोन वर्षं आधीच मेळाव्याला पाठवलं.

अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने प्रतिकृतीवर ‘कॉपी’ असा शिक्का सक्तीचा आहे. यावर नव्हता, त्यामुळे रीतसर तक्रार केली आहे. पैसे परत मागितले, तर उत्तर आलं, ‘डबी तुम्ही फोडलीत.’ त्यावर वजन, फोटो, सालाचा घोळ, सगळं मी त्याला सविस्तर लिहून पाठवलं.

परवा तसंच नाणं दुसऱ्या नावाने विक्रीला आलेलं दिसलं. पणजोबांची चिठ्ठी सोबत आहेच. साल तेवढं आता १९३८ आहे.