उंच केलेल्या जिम्नीसाठी आर्म कोणते : मूळचे, विकतचे की स्वतः घडवलेले?

मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी जून 2023 मध्ये भारतात विक्रीला आली आणि शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड ॲक्सल व चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग अशी जुन्या पद्धतीची मांडणी नव्या गाडीत पुन्हा मिळू लागली. कंपनीकडून मिळणारा 210 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स सह्याद्रीतल्या पावसाळी वाटांना पुरत नाही, असे वाटणारे मालक स्प्रिंग बदलून गाडी 50 किंवा 75 मिलिमीटर उचलून घेतात. त्यानंतर काही दिवसांतच महामार्गावर स्टिअरिंग सैल वाटते, वळणानंतर ते आपोआप सरळ येत नाही, आणि ॲक्सलला चासीशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या आर्मचे काय करायचे हा प्रश्न समोर येतो. त्याची तीन उत्तरे आहेत : मूळचेच आर्म ठेवून त्यांच्या टोकांचे बुश (सांध्यातले रबरी नळकांडे) बदलणे, लिफ्टसाठी तयार केलेले आर्म विकत घेणे, किंवा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्वतः घडवून घेणे.

आधी बिघडते काय, ते पाहू. जिम्नीच्या प्रत्येक ॲक्सलला दोन लांब आर्म आणि एक आडवा रॉड असतो. पुढचा आर्म ॲक्सलपासून मागे चासीकडे जातो. ॲक्सलच्या बाजूला तो दोन बुशांनी पक्का धरलेला असतो आणि चासीच्या बाजूला एका बुशाभोवती फिरतो. गाडी उचलली की चासीकडचे टोक वर जाते, आर्म कलतो आणि ॲक्सललाही आपल्याबरोबर फिरवतो. आर्मची लांबी 700 मिलिमीटर धरली, तर 50 मिलिमीटरच्या लिफ्टने हा कोन सुमारे 4 अंश आणि 75 मिलिमीटरने सुमारे 6 अंश होतो. मूळचा कॅस्टरच, म्हणजे स्टिअरिंगला आपोआप सरळ आणणारा चाकाच्या फिरण्याच्या अक्षाचा मागचा कल, काही अंशांचा असल्यामुळे त्यातले बहुतेक संपून जाते.

याच मांडणीमुळे आर्म घडवण्याच्या बहुतेक सूचना जिम्नीला लागू पडत नाहीत, आणि माझा सगळा आग्रह या एका मुद्द्यावर आहे. आर्म घरी घडवण्याची परंपरा मुख्यतः अमेरिकेतल्या जीपवाल्यांची. 1984 ते 2001 पर्यंतची चेरोकी किंवा 1997 ते 2006 पर्यंतची रँग्लर यांच्या पुढच्या ॲक्सलला चार स्वतंत्र आर्म असतात आणि प्रत्येकाला दोनच टोके असतात. असा आर्म मुख्यतः ओढला किंवा दाबला जातो. जाड नळीचा सरळ तुकडा, टोकाला वेल्ड केलेला आटेदार बंग (आतून आटे असलेला पोलादी तुकडा) आणि त्यात जॉइंट, एवढ्यावर तो उत्तम चालतो. त्याला मोठा वाक सोसावा लागतो तो खालचा आर्म दगडावर टेकला तरच. जिम्नीचा आर्म मात्र ब्रेक लावल्यावर फिरू पाहणारा अख्खा ॲक्सल धरून ठेवतो.

ढोबळ हिशेब असा. माणसे आणि सामान धरून 1500 किलोची गाडी 0.8 जी (गुरुत्वीय त्वरणाच्या 0.8 पट) इतक्या जोराने थांबवली आणि ब्रेकचा 70 टक्के भार पुढे आला, तर सुमारे 8200 न्यूटन बल रस्त्याशी लागते. चाकाची त्रिज्या 0.346 मीटर धरता ॲक्सलवर साधारण 2850 न्यूटन-मीटर पीळ येतो, म्हणजे प्रत्येक आर्मवर 1400 हून अधिक. बाहेरून 50 मिलिमीटर व्यासाच्या आणि 6 मिलिमीटर जाडीच्या नळीत ॲक्सलजवळ यामुळे सुमारे 170 मेगापास्कल ताण येतो. साध्या स्ट्रक्चरल पोलादाची किमान लवचिक मर्यादा 250 मेगापास्कल असते, त्यामुळे नळी पहिल्या दिवशी वाकणार नाही. मात्र हाच ताण हजारो वेळा येतो आणि नेमका वेल्डच्या कडेला येतो. महागडी मिश्रधातूची नळी आणली की प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटते. पण वेल्ड केलेल्या आणि पुढे काहीच प्रक्रिया न केलेल्या सांध्याची थकव्याविरुद्धची ताकद पोलादाच्या दर्जाबरोबर फारशी वाढत नाही. सांध्याचा आकार आणि वेल्डची कड यांवरच ती ठरते. मोठे टायर लावले की त्रिज्या वाढते आणि हिशेबातला पीळ व ताण दोन्ही वर जातात.

विकतच्या आर्मची बाजू म्हणून मजबूत ठरते. चांगल्या आर्ममध्ये वाढवलेला कोन बुशांच्या घरांतच बसवलेला असतो, मूळ मापाचे रबरी बुश त्यात बसतात आणि दोन्ही आर्म एकाच फिक्स्चरवर (भाग ठरावीक जागी धरणाऱ्या साच्यावर) बनलेले असतात. उणीव एवढीच की कोन ठरावीक लिफ्टसाठीच असतो, त्यामुळे पुढे स्प्रिंग बदलल्यास आर्मही बदलावे लागतात. शिवाय कॅस्टर परत आणण्यासाठी ॲक्सल उलटा फिरवला की पिनियनचे (ॲक्सलमध्ये शक्ती आत घेणाऱ्या गिअरचे) तोंड खाली जाते आणि त्याला शक्ती पोचवणाऱ्या पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. ही अडचण विकतच्या आणि घडवलेल्या दोन्ही आर्मना सारखीच आहे.

50 मिलिमीटरपर्यंतच्या लिफ्टला मात्र माझा कौल मूळचे आर्म आणि ऑफसेट बुश यांना आहे. भोक मध्यापासून सरकवलेले हे बुश हायड्रॉलिक प्रेसवर बसवता येतात आणि मूळचा आर्म, जो कारखान्यात तपासून आलेला आहे, तसाच राहतो. ते बहुधा पॉलियुरेथेनचे असतात आणि रबराइतके पिळले जात नाहीत, त्यामुळे एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर असताना ॲक्सल मोकळेपणाने तिरका होत नाही. घाटरस्ते आणि शेतवाटा यांच्यापुरता वापर असेल तर ही उणीव सहन करावी. दगडांतून गाडी चढवणाऱ्याला ती खुपेल आणि त्याने विकतचे आर्म घ्यावेत.

तरीही स्वतःच घडवायचे असतील, तर गोल नळीचा विचार सोडून लेसर कटिंगच्या पट्ट्यांचा पेटीसारखा आर्म करावा आणि ॲक्सलजवळ त्याची उंची वाढवावी, कारण वाकाविरुद्धची ताकद उंचीबरोबर झपाट्याने वाढते. पाण्याच्या नळासाठीचा आयएस 1239 पाईप, मग तो सर्वांत जाड सी क्लासचा का असेना, यासाठी नाही. वाहनांच्या नळ्यांसाठी आयएस 3074 हे वेगळे मानक आहे. वेल्डिंगला 7018 हा कमी हायड्रोजनचा रॉड वापरल्यास तो भट्टीत सुकवलेला असावा. बुशाची घरे वेल्डच्या उष्णतेने आक्रसतात आणि अंडाकृती होतात, म्हणून अंतिम बोअर (आतल्या भोकाचे नेमके माप) वेल्डिंगनंतर लेथवर घ्यावा. दोन्ही आर्ममधली बुशांची अंतरे मिलिमीटरच्या आत जुळली पाहिजेत, नाहीतर ॲक्सल कायम तिरका बसेल. शेवटी प्रत्येक सांध्याची डीपी टेस्ट (रंगद्रव्याने बारीक भेगा दाखवणारी तपासणी) करून घ्यावी. भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात ती करणारे सहज मिळतात. पेटीसारखा बंद आर्म पिळाला फार ताठ असतो, म्हणून त्यात रबरी बुशच घालावेत. कडक बुश घातल्यास तो पीळ ॲक्सलवरच्या ब्रॅकेटवर जातो आणि तिथे भेगा पडतात.

कायद्याची बाजू घडवलेल्या आर्मना सर्वांत प्रतिकूल आहे, आणि लिफ्टही तिच्यातून सुटत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतून आलेल्या कलम 182अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघातानंतर तपासणी झाली, तर विकतच्या भागामागे निदान एक उत्पादक असतो. घरच्या वेल्डमागे मालक एकटाच असतो.

वर्कशॉपमध्ये स्वतःच्या हाताने काही घडवण्याची इच्छा मी मनापासून समजू शकतो आणि तिला जिम्नीत योग्य जागाही आहे : मागचा आडवा रॉड. लिफ्टमुळे ॲक्सल एका बाजूला सरकतो, तो मध्यावर आणायला लांबी बदलता येणारा रॉड लागतो. हा दोनच टोकांचा भाग असल्यामुळे जीपवाल्यांची नळी, उजवे-डावे आटे आणि लॉकनट ही पद्धत इथे तंतोतंत लागू पडते. डिफरन्शियलला वळसा घालण्यासाठी तो फार वाकवावा लागत नसेल, तर सुरुवात त्यानेच करावी आणि बुशांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळावेत.