उन्हाळ्यात न्यूरोसायन्स रिसर्च: वेट लॅब घ्यावी की डेटाचं काम?
ग्रॅज्युएशन चालू असताना उन्हाळ्यात न्यूरोसायन्समध्ये रिसर्च करायचंय तर मुख्य रस्ते दोनच, वेट लॅब (म्हणजे खऱ्या पेशींवर हाताने प्रयोग) नाहीतर डेटावालं काम (म्हणजे आधीच गोळा झालेल्या डेटाचं कॉम्प्युटरवर विश्लेषण). वेट लॅबमध्ये मेंदूचे स्लाइस कापणं, स्टेनिंग (पेशी नीट दिसाव्यात म्हणून रंगवणं), मायक्रोस्कोप आणि जमलं तर पॅच क्लॅम्प (पिपेट म्हणजे बारीक काचेची नळी पेशीला चिकटवून तिच्यातला विद्युत प्रवाह मोजणं) बघायला मिळतं, ज्याच्या जोरावर नेहर आणि साकमान या शास्त्रज्ञांना १९९१ चं नोबेल मिळालं, पण खरं सांगू का, ८-१० आठवड्यांत त्यात हात बसत नाही, पिपेट पेशीला नीट चिकटवायलाच कितीतरी दिवस जातात आणि प्राण्यांवर काम असेल तर आधी ट्रेनिंग, परवानग्या, त्यात वेळ जातो तो वेगळाच. तरी जिवंत न्यूरॉनचा (मेंदूतल्या पेशीचा) स्पाइक, म्हणजे विद्युत झटका, स्क्रीनवर उमटताना बघणं, त्याला तोड नाही!

डेटाच्या कामात पायथन येत असेल तर लगेच सुरुवात होते. ॲलन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचा मेंदूचा डेटा, ओपनन्यूरो या वेबसाइटवरचे एफएमआरआय स्कॅन (मेंदूचा कुठला भाग कधी काम करतो ते दाखवणारे), सगळं फुकट आणि घरबसल्या. फक्त डेटा गोळा कसा झाला ते कळलं नाही तर नॉइजलाच सिग्नल समजून बसतो आपण.

मला विचाराल तर पुढे पीएचडी करायची का हे ठरलं नसेल तर आधी वेट लॅबच घ्या, कोडिंग नंतरही शिकता येतं. आणि अप्लाय करताना रोज शिकवणार कोण, हे नक्की विचारून घ्या.