विद्यापीठाच्या संकेतस्थळाची सुगम्यता तपासणी: साधनाकडून की माणसाकडून?

पुण्यातील ज्या विद्यापीठांना व महाविद्यालयांना आपले संकेतस्थळ दिव्यांग विद्यार्थ्यांना वापरता येते की नाही हे तपासून घ्यायचे आहे, त्यांच्यापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. ‘वेव्ह’, ‘अ‍ॅक्स’ किंवा क्रोममधील ‘लाइटहाउस’ यांसारख्या साधनांकडून पाने तपासावीत, किंवा स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर वाचून ऐकवणारी प्रणाली) रोज वापरणाऱ्या व्यक्तींना सोबत घेऊन जाणकारांकडून प्रत्यक्ष चाचणी करून घ्यावी. पहिला मार्ग स्वस्त व जलद आहे. तरीही निधी अपुरा असेल तर तो दुसऱ्या मार्गासाठीच राखावा, असे माझे मत आहे.

अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या रंगांतील तफावत ४.५:१ पेक्षा कमी असणे, चित्राला पर्यायी मजकूर (चित्राऐवजी वाचून दाखवले जाणारे वर्णन) नसणे, अर्जातील रकान्याला नाव जोडलेले नसणे असे दोष साधन शेकडो पानांवर अल्पावधीत शोधते, आणि त्या कामाला माणूस बसवण्याची गरज नाही. मात्र वेळापत्रकाच्या चित्राला ‘परीक्षा वेळापत्रक’ एवढाच पर्यायी मजकूर दिला असेल तर साधन समाधानी असते, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला एकाही पेपरची तारीख कळत नाही.

मराठी संकेतस्थळांवर तर ही मर्यादा अधिकच जाणवते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले परिपत्रक डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, परंतु पीडीएफमध्ये बहुधा इंग्रजी अक्षरे व चिन्हेच साठवलेली असतात, आणि ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर तीच एकामागून एक उच्चारत जातो. केवळ स्कॅन केलेली प्रत पीडीएफ तपासणारी साधने निदान पकडतात; जुन्या फॉन्टचा हा दोष मात्र त्यांच्या नजरेतून सहज निसटतो. परिपत्रकातील चार ओळी नोटपॅडमध्ये चिकटवून पाहिल्या की तो कोणत्याही लिपिकाला ओळखता येतो. विद्यार्थ्यांसाठीच्या सूचना बहुतांशी परिपत्रकांतूनच निघत असल्यामुळे हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो.

प्रत्यक्ष चाचणीत प्रत्येक पान तपासणे शक्य नसते, म्हणून पानांपेक्षा कामे निवडावीत: प्रवेश, परीक्षा अर्ज, शुल्क भरणा, प्रवेशपत्र आणि निकाल. माऊस न वापरता जन्मतारीख निवडता येते का, कॅप्चाला ध्वनीचा पर्याय आहे का, अर्ज नाकारला गेल्यास कोणता रकाना चुकला हे ऐकू येते का, या प्रश्नांची खात्रीशीर उत्तरे अर्ज भरून पाहिल्यावरच मिळतात.

एका ओळीचा कोड टाकून संकेतस्थळ सुगम करून देतो, असे सांगणाऱ्या तयार विजेटचा विचार येथे करू नये. मुळातील सदोष अर्ज व पीडीएफ त्याने दुरुस्त होत नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सुगम्यतेची जबाबदारी घातलेलीच आहे, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांची उपलब्धता ही संविधानाच्या कलम २१ मधील हक्काचा भाग मानली आहे. त्यामुळे दरपत्रक मागवताना डब्ल्यूसीएजी २.१ या आंतरराष्ट्रीय वेब-सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांची ‘एए’ पातळी किंवा भारतीय मानक आयएस १७८०२ यांचा स्पष्ट उल्लेख करावा, चाचणी करणाऱ्या दिव्यांग व्यक्तींचे मानधन त्यात स्वतंत्र दाखवण्यास सांगावे, आणि दुरुस्तीनंतरच्या फेरतपासणीची रक्कमही आधीच धरून घ्यावी.