गॅस गिझर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म: एक पावसाळा, एक थंडी वापरून झाल्यावर

गॅस गिझर असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा हा अलार्म घ्यावा का? घ्यावा. पण अलार्म लावून गिझर बाथरूमच्या आतच ठेवायचा विचार असेल, तर ते पैसे आधी प्लंबरला द्या आणि गिझर बाहेर काढा.

मेहुणा इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो, त्याने येताना हा आणला. तिकडे १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात जिथे बॉयलरसारखं जळणावर चालणारं, कायम बसवलेलं उपकरण आहे त्या खोलीत घरमालकाला असा अलार्म लावावाच लागतो. स्वयंपाकाची शेगडी तेवढी वगळलेली आहे. तळहातात मावेल एवढा डबा, सेलवर चालणारा, आकडा दाखवणारा छोटा स्क्रीन. मागे ईएन ५०२९१ हे मानक आणि बदलायची तारीख छापलेली. घेताना या दोन गोष्टी पाहाच, कारण आतला सेन्सर काही वर्षांनी संपतो आणि सेल बदलून तो परत जिवंत होत नाही. ऑनलाइन ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून जे दिसतं, त्यातलं बरंचसं एलपीजी गळतीसाठी असतं. तो वेगळा प्रकार. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो डिटेक्टर जमिनीजवळ लावतात. शिवाय एलपीजीत मुद्दाम वास घातलेला असतो, नाकाला कळतं. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि तो हवेत सगळीकडे मिसळतो.

आता गिझरचं गणित, कारण खरी गोम तिथे आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर सुमारे १० किलोवॅट उष्णता लागते, म्हणजे शेगडीचे चार बर्नर एकदम मोठे केल्यासारखं. वीस मिनिटांत साधारण ३०० ग्रॅम गॅस जळतो, आणि तो नीट जळायला ४ घनमीटरच्या आसपास हवा लागते. आमचं बाथरूम ४ बाय ६ फूट, उंची ८ फूट. म्हणजे आत हवा एकूण साडेपाच घनमीटरही नाही! दार बंद, थंडी म्हणून खिडकीच्या काचा बंद, धुरासाठी नळकांडं नाही, आणि जळून उरलेली हवा फिरून परत बर्नरकडेच. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत निळ्याची पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. गरगरलं, पाय लटपटले, तर आतली कडी काढायलाही जमत नाही. नाशिकची थंडी आली की अशा बातम्या दरवर्षी वाचतोच.

अलार्म बाथरूमच्या आत लावायचा नाही, वाफेने सेन्सर बिघडतो. आम्ही बाहेर पॅसेजमध्ये, डोळ्यांच्या उंचीला लावला. पावसाळ्यात गिझर अजून आतच होता. बाबा आंघोळ करून दार उघडून बाहेर आले की पॅसेजमधला आकडा ३०-४० पीपीएमवर (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) चढायचा. अलार्म मात्र गप्प. तो बिघडलेला नव्हता, त्याचा नियमच तसा आहे: ५० पीपीएम सलग तास ते दीड तास राहिलं तर वाजतो, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. म्हणून आकडा न दाखवणारं, फक्त वाजणारं मॉडेल मी कुणाला सुचवणार नाही. पॅसेजमध्ये ४० म्हणजे बंद दाराआड किती, हा प्रश्न त्या आकड्यामुळेच पडला आणि दिवाळीच्या आधी गिझर ड्राय बाल्कनीत गेला. प्लंबर, पाइप सगळं धरून खर्च चार हजारांच्या आत.

बाल्कनीत गिझर नेल्याचा त्रासही सांगतो. पाइप लांबला, त्यामुळे पहिली अर्धी बादली गारच येते. आई ती धुण्याला वापरते. जोराचा वारा असला की ज्योत विझते. टाकीतलं पाणी खाली गेलं की दाब पुरत नाही आणि गिझर पेटतच नाही, पण ते आधीही होतंच. आमच्या वरच्या मजल्यावर एकांनी ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा लावून त्यातच गिझर बसवलाय. काचा मिटल्या की ते पुन्हा बाथरूमच झालं, हे त्यांना दोनदा सांगून झालंय. आजोळी तांब्याचा बंब परसात असायचा, आणि त्याला वर धुराडं होतं. तेवढी अक्कल या गिझर बसवणाऱ्यांना का नसावी, देव जाणे.

आईचं आंघोळीनंतर डोकं दुखायचं, मळमळायचं. घरात त्याला पित्त म्हणायचे. यंदाच्या थंडीत ती तक्रार नाही. गिझरमुळेच होतं असं छातीठोक म्हणणार नाही, पण लक्षणं तीच आहेत. आणि एक महत्त्वाचं: कोविडपासून घरोघरी असलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे उपयोगाचा नाही. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, त्यामुळे माणूस गुंगीत असतानाही तो ९८ दाखवू शकतो. कुणाला गरगरलं तर गिझर बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि ऑक्सिजन मिळेल अशा दवाखान्यात न्या. डॉक्टरांना ‘गॅस गिझर’ हे शब्द आठवणीने सांगा, तपासणी रक्ताची लागते.

खोटे इशारे? पावसाळ्यात लाइट बराच वेळ जाऊन आली की आकडा विनाकारण २० च्या वर जायचा. शोधलं तर पॅसेजमधली इन्व्हर्टरची बॅटरी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि या सेन्सरला तो कार्बन मोनॉक्साइडसारखाच भासतो. बॅटरी दुसरीकडे हलवली, प्रश्न मिटला. निखाऱ्यांवर धूप घातला की आकडा हलतो, पण तो खोटा नाही, निखाऱ्यांतून खरंच कार्बन मोनॉक्साइड निघतो.

मनालीला जाताना अलार्म बॅगेत टाकला होता. हॉटेलवाल्याने खोलीत गॅसचा हीटर आणून दिला, आम्ही तो परत पाठवून जास्तीच्या रजया मागितल्या. जानेवारी २०२० मध्ये नेपाळच्या दामनला केरळचे आठ पर्यटक, त्यात चार मुलं, हीटर लावलेल्या हॉटेलच्या खोलीत दगावले होते, ते डोक्यात होतं.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो सेल उतरल्याच्या टीं-टीं साठी, रात्री अडीचला सुरू होते आणि सेल बदलेपर्यंत थांबत नाही.