दुसरा राउटर लावताय? पत्ते कोणी वाटायचे ते आधी ठरवा

चिऱ्याची भिंत वायफाय अडवते. गुहागरला आमचा राउटर ओटीवर आहे, मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो आणि तिथे रेंज पोचत नाही. म्हणून दुसरा राउटर आणला. तो दोन प्रकारे लावता येतो: राउटर म्हणून, नाहीतर नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे पहिल्याचंच नेटवर्क पुढे पसरवणारा.

आधी पहिला राउटर काय करतो ते बघा. इंटरनेट कंपनीकडून घराला बहुधा एकच पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस, नेटवर्कवर यंत्राची ओळख सांगणारा आकडा) मिळतो. घरातल्या फोनना, टीव्हीला राउटर १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. हे डीएचसीपीचं काम. हे पत्ते खासगी वापरासाठी राखीव असल्यामुळे बाहेर चालत नाहीत. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर (डेटाच्या छोट्या तुकड्यावर) राउटर स्वतःचा पत्ता घालतो, ते कुठल्या फोनचं होतं ते पोर्ट नंबरासकट (कुठल्या जोडणीचं ते ओळखायचा आकडा) टिपून ठेवतो आणि उत्तर आलं की त्या फोनकडे पोचतं करतो. याला नॅट म्हणतात.

अ‍ॅक्सेस पॉइंट केलात तर दुसरा राउटर यातलं काहीच करत नाही. पत्ते ओटीवरूनच येतात. पडवीतल्या फोनवरून प्रिंटर सापडतो, टीव्हीवर व्हिडिओ टाकता येतो. फक्त घरच्यांसाठी रेंज वाढवायची असेल तर डोळे झाकून हेच करा.

मी मात्र पहिल्या दिवशी घोळ घातला. पहिल्या राउटरची वायर दुसऱ्याच्या लॅन पोर्टात (घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत) लावली आणि दुसऱ्याचं डीएचसीपी चालूच ठेवलं. दोघेही पत्ते वाटू लागले, त्यात दोघांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१. पाहुण्यांच्या फोनवर वायफायच्या कांड्या फुल, पण कुणाचं नेट चालू तर कुणाचं बंद. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. मोड बदलायचं बटण नसेल तर दुसऱ्याचं डीएचसीपी बंद करा आणि त्याला वेगळा, पहिल्याच्या वाटपाबाहेरचा पत्ता द्या.

राउटर मोडमध्ये वायर वॅन पोर्टात (इंटरनेटच्या बाजूच्या खाचेत) जाते आणि आतलं नेटवर्क वेगळं होतं, समजा १९२.१६८.५. पत्ते दोनदा बदलतात. व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूबला काही फरक पडत नाही. बाहेरून कॅमेरा बघायला पोर्ट उघडायचं (त्या पोर्ट नंबरावर बाहेरून आलेलं आत सोडायचं) असेल तर मात्र दोन्ही राउटरवर उघडावं लागतं. तेही कंपनीने खरा पब्लिक पत्ता (इंटरनेटवरून थेट पोचता येणारा) दिला असेल तरच. ओटीवरच्या राउटरचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर कंपनीनेच वर आणखी एक नॅट बसवलंय. मग पोर्ट उघडून उपयोग नाही. कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालणारं अ‍ॅप वापरा, नाहीतर इंटरनेट कंपनीकडे स्टॅटिक (न बदलणारा पब्लिक) पत्ता मागा.

होमस्टेवाल्यांनी इथे खास लक्ष द्या. पाहुण्यांना आतल्या, म्हणजे दुसऱ्या राउटरवर टाकलं की घर सुरक्षित, असं बरेच जण धरून चालतात. ते उलटं आहे. आतला माणूस बाहेरच्या, म्हणजे पहिल्या राउटरच्या नेटवर्कपर्यंत पोचतो, म्हणजे तिथल्या तुमच्या डीव्हीआरपर्यंतही (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारं यंत्र). बाहेरच्याला सहसा आत शिरता येत नाही. तेव्हा पाहुणे पहिल्या राउटरवर आणि तुमचा कॅमेरा, प्रिंटर, लॅपटॉप दुसऱ्याच्या आत, असं लावा.

मी शेवटी तेच केलं. पाहुण्यांचं वायफाय पहिल्या राउटरचं. तोच मागच्या खोल्यांच्या दारासमोर हलवला, आणि दुसरा ओटीवर ठेवून घरातलं सगळं त्याच्या आत घेतलं.